पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची फुलं

मुलांनो, काकूच्या शेडनेटचं कसं चाललंय, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी "छान" म्हणाले. ते खोटं होतं. काल कामावरच्यांपैकी आठ जण निरोप घेऊन गेले, म्हणून आज खरं लिहिते.

तुमच्या काकूने एका बियाणे कंपनीसाठी मिरचीचं संकरित बी तयार करायला घेतलं, तेव्हा गावातल्या दहा पोरापोरींना काम मिळालं. सगळी शिकलेली आणि घरी बसलेली. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्याने तिच्यातले नराचे भाग काढायचे, सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि खुणेचा लाल दोरा बांधायचा. राहून गेलेली कळी उमलली, की तिच्यात स्वतःच्याच परागाने बी धरतं, ते संकरित नसतं. ती तोडूनच टाकायची.

पोळ्याला आमच्याकडे शेतात कुणी काम करत नाही. काकू माहेरी होती, सुट्टी मी दिली. दुसऱ्या दिवशी आत गेलो, तर जिकडेतिकडे उमललेली पांढरी फुलं.

"आजी, ही सारी तोडा लागतीन," बी.एस्सी. झालेली पोरगी म्हणाली.

"एवढी? झाडं बोडकी होतील. पराग लावा, दोरे बांधा."

"काऊन आजी, उमललेल्या फुलाले सांगता का, बंद हो म्हणून?" एक पोरगा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले, आणि दोरे बांधायला लावले.

काकूला मी काही बोलले नाही. कंपनीने बी पेरून पाहिलं, भेसळ निघाली. सगळं बी नाकारलं आणि पुढच्या हंगामाचं कामही काढून घेतलं.

"कोनं केलं हे? सांगा ना!" काकू ओरडली. दहांपैकी कुणीही माझं नाव घेतलं नाही. शेवटी मीच सांगितलं. तेव्हापासून ती मला ताट वाढते, पण बोलत नाही.

काल ती बी.एस्सी.वाली पाया पडायला आली. "बाबा स्थळ पाहून राह्यले. आता 'नाही' म्हनाचं मले कारन नाही उरलं, आजी." तिचं कारण मीच घालवलं होतं.

शेडनेट उभं आहे. दोघी जणी अजून येतात. काकू त्यांना घेऊन आसपासच्या शेतकऱ्यांसाठी वांग्याची आणि मिरचीची रोपं तयार करते. दहापैकी दोन कामं उरली आहेत.