वच्छलाबाईंचा वानोळा

समोरच्या घरची सून यशोदा धापा टाकत दारात आली तेव्हा मी चुलीपाशी होते. "काकू, वच्छलामावशी परसात पडल्या हो... उठूनच नाही राह्यल्या!" भाकर तव्यावर तशीच टाकून मी धावले. माझ्या नणंदबाई वालाच्या वेलाखाली आडव्या झाल्या होत्या, हाताला ओली माती. वेल नुकता फुलावर आला होता. त्याला आता महिना होईल. घर खायला उठतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

राज्य नवं झालं त्या सुमारास त्या तुरुंगातून सुटून आमच्याकडे अमडापूरला आल्या. रोज पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला एकदा त्यांनी उलटून मुसळ हाणलं, तो मेला. सासरचं दार बंद झालं. माहेरी उरलो त्यांचा भाऊ, म्हणजे आमचे हे, आणि मी. तुरुंगाच्या मळ्यात त्या राबत, तिथलंच वालाचं बी पदराला बांधून आणलं होतं. आल्या आल्या परसात आळं करायला बसल्या. मी म्हटलं, "अहो बाई, अगोदर दोन घास तर खा!" तर म्हणतात कशा, "वेलाले थोडंच ठाऊक हाय व, मी कुठून आली ते."

गल्लीला मात्र चांगलंच ठाऊक होतं. पहिल्या शेंगांचा वानोळा घरोघर द्यायचा, आणि घेणारीनं टोपली रिकामी परत करायची नाही, मूठभर ज्वारी, निदान मिठाचा खडा तरी घालायचा, ही आमच्याकडची रीत. बाईंची टोपली परत यायची ती झटकून. दर हिवाळ्याला हेच! माझं डोकं फिरायचं. "काऊन देता या भवान्यांले? म्हशीपुढे टाकत असतील शेंगा."

"टाकू दे. म्हशीचं तरी पोट भरते ना," म्हणून हसायच्या. पण टोपली खुंटीला अडकवताना माझ्याकडे बघायच्या नाहीत...

मागच्या हिवाळ्यात यशोदाला दिवस होते. तिला वालाचे डोहाळे लागले. सासूच्या डोळ्यांदेखत तिनं वानोळा घेतला आणि संध्याकाळी टोपली स्वतः आणून दिली. तळाशी ज्वारी होती. बाई टोपली मांडीवर घेऊन ढसाढसा रडल्या. "शांता, पाह्य व... भरून आली!" अहो, मूठभर तर ज्वारी होती.

शेवटची आंघोळ घालायला गल्लीतली दुसरी एकही बाई उंबरा ओलांडून आली नाही. यशोदानं लेकरू सासूच्या मांडीवर टाकलं आणि पदर खोचला. आम्ही दोघींनीच पाणी घातलं.

आता शेंगा भरल्यात. परवा विहिरीवर तिघीचौघींनी मला हटकलं, "काऊन हो शांताबाई, औंदा वाल नाही आला तुमच्याइथला? लय गोड राह्यते न बाई!"

म्हणजे खात होत्या मेल्या! इतकी वर्षं चवीनं खात होत्या, आणि टोपली झटकून पाठवत होत्या.

घागर तिथंच टाकली आणि तरातरा घरी आले, थेट परसात. "बाई, अहो बाई, ऐकलं का, खात होत्या त्या..."

वेलाखाली कोणी नव्हतं.