‘दमलाय’ आणि ‘बरं नाही’

२०२०च्या फेब्रुवारीत आई थोड्या दिवसांसाठी माझ्याकडे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला आली आणि कोरोनामुळे विमानं बंद झाल्याने अडकली. शेजारी एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून मी त्यांना मनात ‘बाई’च म्हणायचे. दोघींची सत्तरी उलटलेली, त्यामुळे बाहेर जाणं बंद. दुपारी मागच्या कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून त्या बसायच्या. आईला इंग्रजी कळायचं, बोलताना मात्र अडायचं. माझं काम घरूनच चालायचं. मीटिंग नसली की मी मध्ये दुभाषी.

एकदा पब बंद असल्याचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, “प्यायलेल्या माणसासाठी आमच्याकडे ढीगभर शब्द आहेत. सध्या बिचारे सगळे बेकार.”

मग त्यांचा वर्गच सुरू झाला. ‘थ्री शीट्स टू द विंड’मधलं शीट म्हणजे चादर नव्हे, शिडाचा दोर, दोर सुटले की जहाज झोकांड्या खातं. ‘जार्ड’ आला ‘जार’वरून, म्हणजे बिअरच्या ग्लासावरून. ‘स्टोशस’ कुठून आला ते नक्की कुणालाच माहीत नाही. ‘लॉक्ड’ म्हणजेही तर्र, हे ऐन लॉकडाउनमध्ये कळल्यावर मला हसू आलं.

आईने टल्ली, टाइट, झिंगलेला असे आपले शब्द सांगितले आणि मग म्हणाली, “पण यांच्या घरात काय म्हणायचे, ते विचार.”

प्रश्न मला विचित्र वाटला, तरी विचारला.

बाई म्हणाल्या, “घरात? ‘दमलाय’ म्हणायचो. तो आज दमलाय, कुणी येऊ नका. बाकीचे शब्द दुसऱ्यांच्या नवऱ्यांसाठी.”

मी मराठीत सांगायच्या आधीच आईने मान हलवली. “आमच्याकडे ‘बरं नाही’ म्हणायचे. अण्णांना आज बरं नाही.”

अण्णा म्हणजे आईचे वडील. सुट्टीत मिरजेला गेलं की ते पुष्कळदा आतल्या खोलीत पडून असायचे आणि आम्ही मुलं आवाज न करता खेळायचो. त्यांना दमा असावा, अशी माझी समजूत होती. आईचं वाक्य मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं.

“किती वर्षं?” बाईंनी विचारलं.

“ते गेले तोवर.”

संध्याकाळी भाजी चिरताना मी आईला म्हटलं, “मला कधी बोलली नाहीस.”

“बोलले की. बरं नाही म्हणून सांगायचे ना?”

शरद ऋतूत तिला विमान मिळालं. पुढच्या उन्हाळ्यात पबबाहेर टेबलं मांडायला परवानगी झाली, तेव्हा बाई मला घेऊन गेल्या. स्वतःसाठी लेमोनेड मागवलं. पलीकडच्या टेबलावरचा एक म्हातारा उठताना लटपटला. आता एखादा शब्द येणार म्हणून मी बाईंकडे पाहिलं.

“त्याला न्यायला कुणी आहे का, बघ जरा,” त्या म्हणाल्या.

मी जाऊन विचारलं. त्याची मुलगी गाडी आणायला गेली होती.