दासीच्या तोंडी राणीचं भाषण

राजा मरत होता. पोटात लाकडी तलवार, एक गुडघा टेकलेला. तेवढ्यात माईकवरून घोषणा झाली, "आपले सर्वांचे लाडके नामदार साहेब यांचं सभागृहात आगमन झालेलं आहे!" राजा उठला. तलवार काखोटीला मारली, कुणीतरी पुढे केलेला हार घेतला आणि पायऱ्या उतरून मंत्र्यांच्या गळ्यात घातला. टाळ्या कडाडल्या. विंगेत उभी राहून मी कपाळाला हात लावला.

मी तेव्हा लातूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. मूळची नांदेडची. पोरं मला शाहीन मॅडम म्हणायची. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि सुट्टी लागली की तुम्ही कोण, आम्ही कोण. कायम करायची ऑर्डर संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या सहीवाचून अडकली होती.

"गॅदरिंग होऊ द्या, मग बघू," अण्णासाहेब म्हणाले होते. "यंदा इंग्रजी नाटक बसवा. लई जुनं, भारदस्त. आन् आमच्या पोराला, विक्रमला, राजा करा. क्लासवाल्यांना कळू द्या आपलं स्टँडर्ड."

क्लासवाल्यांचा त्यांना भारी राग. लातुरात तेव्हा पार्किंगमध्ये फिजिक्स आणि गच्चीवर पत्रे टाकून बायोलॉजी चालायचं. पोरं आमच्याकडे फक्त नाव घालायची आणि शिकायला तिकडे जायची.

मी चारशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी शोकांतिका उचलली. गोष्ट सोपी आहे. राजा गादीसाठी भावाची लेकरं मारतो. शेवटी त्याच्याही पोटात तलवार जाते, आणि लेकरांची आई, म्हणजे धाकटी राणी, मरत्या राजाला दोन शब्द सुनावते. मग राजा मरतो.

या नाटकांत उच्चनीच एकदम पक्कं असतं. राजे-राण्या कवितेत बोलतात, नोकरचाकर साध्या गद्यात. मोठी माणसं पावलोपावली ग्रीक-रोमन पुराणांचे दाखले देतात, त्याला आम्ही अल्यूजन म्हणतो. काही अवघड नाही हो. शेजारच्या घरात भांडण झालं की आपण 'महाभारत झालं' म्हणतो, तेच. फक्त तिथे नोकरांना ही चैन नाही. त्यांनी निरोप आणायचा, एखादा पाचकळ विनोद करायचा आणि निघायचं.

राणी केलं होतं बारावी सायन्सच्या एका मुलीला. इंग्रजी फर्डं. एक दिवस तिचे वडील तालमीतूनच तिला घेऊन गेले. क्लासची टेस्ट सिरीज लागली होती. "मॅडम, राणी होऊन मेडिकलला नंबर लागतो का?" असं मलाच विचारलं त्यांनी.

मी राणीला पडद्यामागेच मारून टाकलं आणि तिचं भाषण दासीला दिलं. दासी होती बीएची मंगल. औशाकडच्या खेड्यातली. भूकंपात घर गेलं, घरातली माणसं गेली. उरली ती आणि तिची काकू. काकूची तिन्ही लेकरं त्या पहाटे ढिगाऱ्याखाली गेली होती.

त्या भाषणात एक दाखला होता. ग्रीक पुराणातली एक आई. लेकरांचा फार तोरा मिरवला म्हणून देवांनी तिची सगळी लेकरं मारली. रडून रडून तिचा दगड झाला, पण दगडातून पाणी वाहतच राहिलं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा मंगल म्हणाली, "ही बाई बरी म्हणायची, मॅडम. आमच्या काकूच्या डोळ्याला तर पाणी बी न्हाई. बोलत बी न्हाई कुणाला." मग म्हणाली, "गॅदरिंगला आणू तिला? हिचं ऐकू दे की."

"आण की," मी म्हणाले. भाषण इंग्रजीत आहे, काकूला त्यातला शब्दही कळणार नाही, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

आमचे विभागप्रमुख देशपांडे सर तालीम बघायला आले आणि हादरलेच. "अहो मॅडम, दासीच्या तोंडी पुराणातला दाखला? औचित्य म्हणून काही आहे की नाही? त्या काळात प्रेक्षकांनी अंडी मारली असती."

"सर, राणी कुठून आणू? तुम्ही होता का?"

ते चिडून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "अण्णासाहेबांच्या कानावर घालावं लागेल." माझी ऑर्डर मला तिथेच डोळ्यांसमोर फाटताना दिसली. पण मंगलकडून भाषण काढून घ्यायला जीभ रेटेना.

तर आता सत्काराकडे येते. शाल, नारळ, फेटा सुरू झाला. ताट धरायला माणूस हवा होता. देशपांडे सरांनी इकडेतिकडे बघितलं, आणि दासीचा पोशाख घातलेली मंगल दिसली. "ए पोरी, तू रिकामीच आहेस ना? धर हे." तिनं धरलं. मंत्र्यांमागे ताट घेऊन उभी राहिली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ड्रेसच तसला होता.

मग मंत्री बोलले. बोलले म्हणजे काय, बोलतच राहिले. राजा फेटेवाल्याशेजारी बसून चहा पीत होता. शेवटी साहेब भूकंपाच्या कामावर आले. "पुनर्वसनाचं काम असं केलंय, की आज त्या गावांत तुम्हाला एकही डोळा ओला दिसणार नाही!" पुन्हा टाळ्या. मागच्या दाराजवळ काकू बसली होती, डोईवर पदर, मांडीवर पिशवी. ती मंगलकडे बघत होती.

"आता नाटक पुढे चालू होईल," माईकवाला म्हणाला. विक्रम कप ठेवून परत गुडघ्यावर बसला. मंगलनं ताट खाली ठेवलं, राजासमोर जाऊन उभी राहिली. मी विंगेतून इंग्रजीतलं पहिलं वाक्य सुचवलं. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"राजा, ऐक," ती मराठीत म्हणाली.

"लांबच्या मुलखात एक आई होती. लेकरांचा लई तोरा तिला. देवाला सोसलं न्हाई. समदी लेकरं एका दमात नेली. ती रडून रडून दगूड झाली. त्या दगडातून अजून पाणी येतंय म्हणत्यात. तुझ्या राज्यात बी आया हायत, राजा. त्यांचा बी दगूड झाला. पण पाणी येत न्हाई. एकबी डोळा ओला न्हाई, हे खरं हाय. तेवढं बघून खूश होऊ नको."

विक्रमची पंचाईत झाली. त्याला इंग्रजी शब्दावर मरायची सवय होती, तो शब्द आलाच नाही. तो गुडघ्यावर तसाच बसून राहिला. शेवटी मी पडदा पाडायला लावला. आमचा राजा काही मेला नाही.

मंत्र्यांनी डोळे पुसले, खरे की खोटे देव जाणे. अण्णासाहेबांना विचारलं, "कुणी बसवलं हे?"

"आमच्या चिरंजीवांनी," अण्णासाहेब म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर काकू मंगलचा हात धरून उभी होती. मी जवळ गेले. काकूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "ती बाई कुण्या गावची हो?"

मंगल चमकून काकूकडे बघायला लागली. काकूचा आवाज तिनं किती दिवसांनी ऐकला होता कोण जाणे. मी कशीबशी म्हणाले, "लई लांबची, काकू. समुद्रापलीकडची."

"तिकडं बी भुई हालली व्हय?" असं म्हणून काकू पायरीवरच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मंगल तिला बिलगली. माझ्याच्यानं तिथं थांबवलं नाही. मी हॉलमागे जाऊन मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं आलं. देशपांडे सर आधीच बसलेले.

"मॅडम, ती पोरगी दासी होती ना?" अण्णासाहेबांनी विचारलं. "मग राणीसारखी का बोलली?"

"राणी टेस्ट सिरीजला गेली होती, सर."

ते हसले नाहीत. जूनमध्ये मला तास मिळाले नाहीत आणि तो हॉल एका क्लासवाल्याला भाड्यानं गेला. मी नांदेडला परत आले, तिथल्या कॉलेजात पुन्हा तासिकेवर लागले, पुन्हा तीच शोकांतिका शिकवायला घेतली. पोरांना मी एक नियम आधीच सांगून टाकते: राजा पडला तर नाटक संपतं, दासी पडली तर पुढचा प्रवेश सुरू होतो. परीक्षेत येतो तो प्रश्न. पाच मार्कांना.