इकबालभाईंचा तिकडचा फोटो

बहारीनमध्ये, तुबलीतल्या आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाला शाळेच्या सात-आठ व्हॅन येतात आणि सगळे ड्रायव्हर गाडीत बसूनच हॉर्न वाजवतात. इकबालभाई मुकादमांनी कधी वाजवला नाही. ते गाडी कडेला लावून उतरत, इमारतीच्या दाराशी येऊन बेल दाबत आणि इंटरकॉमवर सांगत, "आलो. सावकाश या." आम्हाला उशीर झाला आणि मी जिन्यातूनच सॉरी सॉरी करत आले की म्हणत, "ताई, घाई असती तर मी कालच निघालो नसतो?"

माझ्या मुलीला, ईराला, त्यांच्या गाडीत घातलं तेव्हा ती चार वर्षांची होती. उंच, जरा वाकलेला, दाढीला मेंदी लावलेला हा माणूस तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने पहिला प्रश्न माझ्याऐवजी तिला विचारला, "गाडीत उलटी होते काय गो तुला?"

"समटाइम्स," ईरा म्हणाली.

"मग तू माझ्या मागं, खिडकीजवळ."

पुढची पाच वर्षं ती जागा तिची होती. ते मूळचे रत्नागिरीकडचे. गाडीतली मुलं मल्याळी असोत की गुजराती, ते त्यांच्याशी हिंदी बोलत आणि मधूनच आपल्या गावच्या बोलीत शिरत. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. तरीही पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, हे मला, नाशिकच्या बाईला, तिच्याकडून कळलं. चाचांच्या गावात घरापासून मशिदीपर्यंत एकशेचार पायऱ्या आहेत, असंही तिने सांगितलं.

एकदा जूनमध्ये, भर दुपारी, त्यांची व्हॅन सलमाबादच्या रस्त्यावर बंद पडली. त्यांनी अकरा मुलांना हात धरून जवळच्या कोल्ड स्टोअरमध्ये नेलं. इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला असंच म्हणतात. मुलांना थंड हवेत बसवून त्यांनी एकेका आईला फोन केला. सगळ्यांना वाक्य एकच होतं. "गाडी बंद पडलीय, मूल चालू आहे, ज्यूस पितंय." त्या दिवशी कुणीच घाबरलं नाही.

बहारीनला येण्याआधी ते चार वर्षं अमेरिकेत होते, मेहुण्याच्या पेट्रोल पंपावर. तिथल्या एका लहानशा काउंटीत. "काउंटी म्हंजे आपला तालुका समजा," ते सांगत. "सगळीकडं मका. शेजारी दोन मैलांवर. भांडायला जायचं तरी टाकी भरून जायला लागतं." यापुढे ते तिकडचं काही बोलत नसत. मीही विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी शाळा सुरू होताना आमच्या इमारतीतल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी कुठल्या तरी दुसऱ्या देशातली, शाळेच्या ड्रायव्हरची एक वाईट बातमी टाकली. त्यावर चर्चा झाली. आपण ज्यांच्या हाती मुलं देतो त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहीत असतं, असं एकीने लिहिलं. मेधा माझी मैत्रीण, तिसऱ्या मजल्यावर राहते. तिने लिहिलं, "हिला विचारा की, हिचं कामच ते आहे." मी एका कंपनीत एच. आर. मध्ये आहे. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांची नावं इंटरनेटवर तपासणं हा माझ्या कामाचा भाग आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा शेजारी ठेवून, मी त्यांचं पूर्ण नाव टाकलं. काही सापडेल असं वाटलं नव्हतं. पासपोर्टवरचं स्पेलिंग टाकलं, त्याला ते अमेरिकेत ज्या राज्यात होते त्याचं नाव जोडलं, आणि फोटो समोर आला.

अमेरिकेत अटक झालेल्या माणसाचा फोटो आणि नोंद अनेक ठिकाणी कुणालाही बघता येते. त्या काउंटीच्या तुरुंगाच्या यादीतून एका खासगी वेबसाइटने ती उचलून ठेवली होती. राखाडी भिंत. दाढी काळी. कॅमेऱ्याने डोळे मिटता मिटता पकडलेले, त्यामुळे माणूस नशेत असल्यासारखा दिसत होता. बाजूला उंची, वजन, डोळ्यांचा रंग. गुन्ह्याच्या रकान्यात कायद्याच्या कलमाचा नंबर आणि तीन तुटके शब्द. त्यातला शेवटचा तेवढा मला कळला. मायनर. म्हणजे अल्पवयीन.

मी घाबरले असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही, निदान पूर्ण खरं नाही. भीतीच्या आधी मला वाटलं होतं की बघा, मी शोधून काढलं. त्या पानावर पुढे काय झालं याचा रकाना नव्हता. तो कुठे असतो हेही मी पाहिलं नाही. स्क्रीनशॉट काढला आणि मेधाला पाठवला. खाली लिहिलं, "फक्त तुला."

दुसऱ्या सकाळी बेल वाजली. "आलो. सावकाश या."

ईरा युनिफॉर्म घालून, दप्तर पाठीला लावून माझ्या शेजारी उभी होती. मी इंटरकॉमवर म्हणाले, "आज ती येणार नाही इकबालभाई. तिला बरं नाही."

"ताप आहे काय? मग फोडणीचं देऊ नका, पेज द्या."

ईरा माझ्याकडे बघत राहिली. "आय ॲम फाइन," ती म्हणाली. मी तिला गप्प केलं. त्या दिवशी अकरापैकी सात मुलं गाडीत नव्हती. तिसऱ्या दिवशी एकही नव्हतं. तोवर त्या एका शब्दाभोवती लोकांनी अख्खी गोष्ट रचली होती. त्यात एक लहान मुलगी होती आणि तिचं वयसुद्धा ठरलं होतं.

चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ते माझ्या ऑफिसात आले. रिसेप्शनला उभे होते, टोपी हातात. मी चहा मागवू लागले तर नको म्हणाले.

"तो फोटो तुमी शोधून काढलात असं कळलं."

मी हो म्हणाले.

"फोटोच्या बाजूला काय लिवलंय ते मना माहीत हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "बियर व्हती, ताई. पंपाच्या दुकानात बियर असते. एक पोरगा आला, माझ्याहून उंच. मागं लाइन व्हती. मी वयाचं कार्ड नाय बघितलं, बाटली दिली. त्याला पोलिसांनीच पाठवला व्हता, दुकानं तपासायला. तिथंच हातकडी. चार तास ठेवलं, फोटो काढला, सोडलं. तीन महिन्यांनी कोर्टात केस खलास."

"मग तुम्ही हे सांगितलं का नाही सगळ्यांना?"

त्यांनी टोपीची घडी करून खिशात घातली. "माझे अब्बा इथंच अरादला भावाकडं असतात. गावात चाळीस वर्षं त्यांनी अजान दिली. पोराने चार वर्षं दारू विकली हे त्यांना ठावं नाय. दुकान किराण्याचं, एवढंच मी बोललेलो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी एवढंच सांगा की पोराबाळाचं काय वंगाळ नव्हतं. बियरचं सांगू नका."

मी शब्द दिला. ते "इंशाल्ला" म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर मी त्या काउंटीच्या कोर्टाचं पान शोधलं. नाव टाकल्यावर केस निघाली. अल्पवयीन व्यक्तीस मद्य विकणे. खटला रद्द. इंग्रजीतल्या दोन ओळी. हे सगळं सहा मिनिटांत झालं. माझ्या जेवणाच्या सुट्टीतली तीस मिनिटं उरली होती, त्या पहिल्या दिवशीही एवढीच उरली असतील.

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की मी नीट चौकशी केली आहे, मुलांना त्रास देण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, केस कोर्टाने रद्द केली आहे, चूक माझी होती. लगेच विचारणा आली. मग मायनर का लिहिलंय? काय होतं नक्की? तू त्यांना वाचवतेयस का? मेधाने लिहिलं, "अगं, अर्धवट नको सांगूस, आम्ही आया आहोत." मी फोन उलटा ठेवला. पुन्हा घेतला. अजून चार प्रश्न आले होते. मी स्वतःला समजावलं की त्यांचं नाव स्वच्छ व्हायलाच हवं, आणि लिहून टाकलं, की बियर विकली होती, बस.

ग्रुपवर सगळ्यांना हायसं वाटलं. हसण्याच्या खुणा आल्या. "एवढंच होय," कुणी लिहिलं. इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो, तेव्हा रविवारपासून मुलं परत गाडीत पाठवायची ठरली. त्या ग्रुपात एका बाईचं सासर अरादचं होतं. तिने वाईट हेतूने सांगितलं असेल असं मला वाटत नाही. जेवताना विषय निघाला असेल. दोन दिवसांत ते इकबालभाईंच्या वडिलांपर्यंत पोचलं.

रविवारी बेल वाजली नाही. आठवड्याने ते आले, गाडीशिवाय. ईराची पाण्याची बाटली सीटखाली राहिली होती, ती द्यायला. दारातच उभे राहिले. गावी चाललोय म्हणाले, व्हिसा रद्द करून. व्हॅन एका ओळखीच्या माणसाला दिली होती.

"अब्बा?" मी विचारलं.

"बोलत नायत. जेवतात, पण मी वाढलेलं नाय."

मी माफी मागितली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रागाने नव्हे, एखाद्या मुलाला रस्ता ओलांडताना थांबवावं तसं. "नवा डायवर चांगला माणूस हाय," ते म्हणाले. "त्याचं नाव शोधत बसू नका. काय पुसायचं ते त्याच्या तोंडावर पुसा. माणूस उत्तर देतो, ताई. दाराशी तर येतो रोज."

मग ईराच्या डोक्यावर हात ठेवून जिना उतरले. तिने मराठीत विचारलं, "चाचा, परत कधी येणार?" वळणावरून त्यांचा आवाज आला, "बघू गो."

त्या वेबसाइटला मी तीनदा लिहिलं आहे, फोटो काढून टाका म्हणून. उत्तर आलेलं नाही. त्यांचं नाव टाकलं की अजून आधी तोच येतो. कोर्टाचं पान कुठेच येत नाही, ते मुद्दाम शोधावं लागतं.

नव्या ड्रायव्हरच्या पहिल्या सकाळी मी खाली गेले. लाज वाटत होती, तरी विचारलं, "भाऊ, पूर्वी कधी पोलिसांची काही भानगड झाली होती का?" त्याला राग आला नाही. गाडीला टेकून त्याने सांगितलं, एकदा, सौदीत दमामला असताना, त्याच्या गाडीने एका सायकलवाल्याला धक्का बसला होता. त्याचा पाय मोडला, दोन दिवस कोठडी झाली, मग सुटका. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

इकबालभाई पाच वर्षं रोज माझ्या दाराशी येत होते.