ऑपेरा हाउसमधली मंगळागौर

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या मंडळाने मंगळागौर ठेवली ती ॲन आर्बरपासून तासाभरावरच्या एका शेतकरी गावात. तीही शनिवारी, अमेरिकेत आपले सगळे सण शनिवारीच येतात. चहूकडे मका, धान्याचं एक उंच कोठार आणि विटांचं जुनं दुमजली ऑपेरा हाउस, एवढंच ते गाव.

किल्ल्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बाईंना गावाच्या इतिहासाचं भारी कौतुक. खालच्या खोलीत त्यांनी जुने नांगर, मळणीयंत्र, फोटो मांडले होते. वर लाकडी जमिनीचा हॉल. तिथे पूर्वी नाटकं आणि नाच व्हायचे. आता नाच बंद, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तुम्ही बसूनच असणार ना, असंही विचारलं. मंडळाच्या काकू ठसक्यात म्हणाल्या, पूजा आहे, बसूनच करतात. त्या खोटं बोलल्या नाहीत. झिम्मा-फुगडीला कुणी नाच म्हणेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

मी मात्र खालच्या खोलीचं छत पाहिलं होतं. मधोमध गिलाव्याला चांगलं पोट सुटलेलं. काकूंना बाजूला घेऊन म्हटलं, खेळ राहू देत, छत पडेल.

"सणासुदीला अभद्र बोलू नये गं," त्या म्हणाल्या.

असा संताप झाला माझा! पण आरती सुरू झाली, आणि आरतीत कुठे भांडणार?

जेवणं झाली तशी पोरं नांगर बघायला खाली पळाली. माझी लेक आणि काकूंचा नातूही. वर पदर खोचले गेले, झिम्मा रंगला. वीसेक बायका एका ठेक्यात पाय आपटत होत्या. गौरीपुढची समई आपोआप सरकताना दिसली आणि मी जिन्याकडे धावले.

जिना इमारतीच्या बाहेरून होता. कशी उतरले, आठवत नाही. खोलीत छताला भेग गेली होती, पांढरी भुकटी गळत होती, आणि कार्टी तोंडं वर करून "स्नो, स्नो" म्हणत नाचत होती. बाहेर चला म्हटलं, तर लेक म्हणाली, "वन मिनिट, आई." वन मिनिट! दंड धरून फरफटत काढली तिला. बाकीच्यांना ढकललं. काकूंचा नातू मळणीयंत्रामागे लपला होता, त्याला वाटलं लपंडाव चाललाय. कॉलर धरून ओढला त्याला.

आम्ही हिरवळीवर पोचलो आणि मागे छताचा सगळा गिलावा कोसळला, वरची लाकडी जमीन तेवढी टिकली. वरचा झिम्मा थांबला.

काकू सगळ्यांत पुढे जिना उतरल्या. खोलीच्या दारातून नुसती धूळ बाहेर येत होती. त्या दारात उभं राहून नातवाला हाका मारू लागल्या. मी त्याला त्यांच्यासमोर उभा केला, त्याचा हात त्यांच्या हातात दिला. काकूंनी तो घट्ट धरला, आणि धुळीकडे बघत हाका मारतच राहिल्या.