कुणी इचारलंच न्हाई

तारामती किल्लारीची. त्यामुळे तिला झोप येत नाही म्हटल्यावर कारण भूकंपच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. खरं तर त्र्याण्णव साली गाव कोसळलं तेव्हा ती बाळंतपणाला मुखेडला माहेरी होती. पुढं नवरा रामकिशनसोबत लातूरला आली आणि क्लासच्या पोरींची मेस चालवू लागली.

२००७ साली तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किमो झाली, मग रोज एक गोळी पाच वर्षं घ्यायची ठरली. गोळी सुरू झाली आणि झोप गेली. डोळा लागला की छातीतून मानेपर्यंत आग उठायची, कपडे घामानं चिंब व्हायचे. त्या आंबट वासाची तिची तिलाच किळस यायची.

"हिच्या डोक्यात भूकंप बसलाय," रामकिशन येईल त्याला सांगायचा. जाऊ महादेवीनं लिंबू उतरवून टाकलं. गल्लीतल्या डॉक्टरनं गाव तेवढं विचारलं आणि झोपेच्या गोळ्या लिहिल्या. त्या गोळ्यांनी सकाळी हातपाय जड व्हायचे. एकदा वरणात दोनदा मीठ पडलं. दुपारभर ती लोळायची आणि रात्री पुन्हा टक्क जागी.

तपासणीला गेली तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टर कहकशांनी विचारलं, "जाग कशानं येते, मावशी?"

"घामानं. अंगाची लई आग होती."

"आधी कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी इचारलंच न्हाई. गावाचं नाव ऐकलं की लोक पुढचं ऐकतच न्हाईत."

हा कॅन्सरच्या गोळीचा परिणाम, पण ती सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आग कमी करणारं औषध दिलं, झोपेची गोळी हळूहळू बंद केली. दुपारी आडवं व्हायचं नाही, सकाळी ठरल्या वेळी उठायचं, झोप आली नाही तर तळमळत न पडता उठून बसायचं.

दोन महिन्यांत ती सलग पाच तास झोपू लागली. घाम येई, पण कमी.

एक दिवस देगलूरहून आलेल्या पाहुण्याला रामकिशन म्हणाला, "भीती गेली तिच्या मनातली. मीच लई समजावलं."

तारामती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी त्या दिशी गावातच नव्हते. पंधरा वर्षं सांगायलेय."

"तसं न्हाई गं," म्हणत तो पाहुण्याकडं बघून हसला.

तिनं त्याच्या पुढ्यातला चहा उचलला, मोरीत ओतला आणि डबे भरायला बसली.