कार्डाला पंखा, पाहुण्याला कूलर

आमच्या मोठ्या साळ्यांनी पुण्याहून जुना कॉम्प्युटर पाठवला, त्याबद्दल मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही. त्यांच्या मुलानं नवा घेतला, जुना ठेवायला जागा नव्हती, म्हणून बहिणीची आठवण झाली. खोक्यावर मार्करनं लिहिलं होतं, ‘प्रेमपूर्वक भेट’. आत उंदराच्या लेंड्या होत्या.

बायको मात्र हरखली. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये, तिनं तो हॉलमधल्या टेबलावर मांडला, त्याला झालर लावलेलं कव्हर शिवलं आणि वर्षभरात लग्नपत्रिका काढायला शिकली. शहरातल्या एका छापखान्याचे चाचा तिला काम देऊ लागले. त्यांच्या प्रेसमध्येही कॉम्प्युटर होता, पण शहरात भारनियमन. प्लांटच्या ज्या धूर ओकणाऱ्या चिमण्यांकडे मान वर करून पाहावं त्यांच्याच सावलीत चाचा मेणबत्ती लावून बसायचे, आणि आमची वीज तारांवरून थेट पुण्याला, साळ्यांच्या ए.सी.ला. आम्हा कॉलनीवाल्यांची वीज तेवढी जात नसे, एवढाच आमचा मान. बाकी कोळशाची राख होतीच. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, झाकण विसरलेल्या दह्यावर. मी नोकरीला राखेच्याच विभागात होतो, त्यामुळे शेजारीपाजारी ती माझ्याच खिशातून पडल्यासारखे माझ्याकडे बघायचे.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी चाचांकडे धानोऱ्याकडचं एक गोंड कुटुंब आलं. मुलीचं लग्न होतं. मुलीच्या वडिलांचं म्हणणं सरळ होतं. पत्रिकेवर गणपती नको, तो आमचा नाही. वर आमचा नमस्कार, ‘जय सेवा’ हवं, बाजूला मोहाचं झाड, खाली ढोल. चाचांकडच्या तयार चित्रांत गणपतीचे ढीग होते, मोहाचं एक पान नव्हतं. त्यांनी काम बायकोकडे दिलं आणि जाताना दारात थांबून म्हणाले, “बेटी, शनिवारच्या शामपर्यंत मले पायजे. नाई तं नागपूरले द्यावं लागन, आन् ते लोक काई न इचारता गणपती टाकून देतीन. मंग मी त्या माणसाले काय तोंड दाखवू?”

बायकोनं मोहाची फुलं एकेक करून काढायला घेतली. आणि मशीननं दगा दिला. सकाळी ठीक चालायचं. दुपार झाली की पडद्यावर रंगीत चौकोन उमटायचे, मोहाचं झाड जिन्यासारखं पायऱ्यापायऱ्यांचं व्हायचं आणि सगळं जागच्या जागी थिजायचं. सकाळचं काम दुपारी पुसलं जायचं. ती नुसती पोळपाट आपटायची.

शहरातल्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडायच्याही आधी निकाल दिला की चित्र दाखवणारं कार्ड गेलं, हे मॉडेल आता बंद झालं, नवीन मशीन घ्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली. माणूस तापानं फणफणला तर त्याची नाडी तरी बघतात.

मग मी पुण्याला फोन लावला. साळेसाहेब इथलेच, चंद्रपुरातच वाढलेले, पण बोलणं आता असं धुतलेलं की त्यात राखेचा कण सापडायचा नाही. म्हणाले, “भाऊजी, देतानाच सांगितलं होतं, त्या कार्डाला ए.सी. रूम लागते. तुमच्याकडे धूळ किती! आणि टाइमपासला दिला होता हो मी तो. त्यावर ती धंदा काय करतेय?” बायको शेजारीच उभी होती आणि रिसीव्हरमधून आवाज स्पष्ट येत होता. ती आत निघून गेली. मी फोनवर काय बोललो? ‘बरं, ठेवतो’ म्हणालो. कडक उत्तरं मला नेहमी अंघोळ करताना सुचतात.

राग त्यांच्यावर होता, काढला मशीनवर. स्क्रू काढून बाजूचा पत्रा उचलला आणि पाहत राहिलो. कार्डावर एक काळा ॲल्युमिनियमचा ठोकळा होता, त्याला कंगव्यासारखे दाते. त्या दात्यांतून हवा खेळायची, म्हणजे कार्ड थंड राहायचं. इथे एक फट मोकळी नव्हती. सगळ्या फटींत राखाडी गिलावा भरलेला, नखानं टोकरला तर नख तुटेल असा.

राख नुसती असती तर फुंकरीनं उडाली असती. पण साळ्यांचं ए.सी. पुराण मनावर घेऊन मार्चपासून आम्ही कूलर बरोबर कॉम्प्युटरच्या समोर लावला होता. दिवसभर ओली हवा त्याच्यावर. तो गारव्यात राहावा म्हणून आम्ही घामेजून बाजूला बसायचो. आता नोकरीत माझं काम काय, तर राखेत पाणी घालून तिचा चिखल करायचा आणि तो पाइपातून दूर तलावात सोडायचा. सरकारी पगार घेऊन जे दिवसभर करत होतो तेच मी घरी फुकटात केलं होतं, आणि तलाव म्हणून बायकोचा कॉम्प्युटर निवडला होता. ती वाकून पाहत होती. म्हणाली, “प्लांट घरी काऊन आणला?”

दाभण आणि जुना टूथब्रश घेऊन तिनं तो गिलावा कोरला, आईनं पोराच्या डोक्यातल्या उवा काढाव्यात तसा, दात-ओठ खात. तरी दुपारी चौकोन आलेच, फक्त थोडे उशिरा. ठोकळा हातात धरवत नव्हता. आमच्या उन्हाळ्यात नुसत्या दात्यांनी भागणार नाही, त्याला स्वतःचा पंखा हवा, हे दोघांनाही कळलं. मी सायकल काढून भंगारवाल्याकडे गेलो आणि एका मेलेल्या मशीनमधला तळहाताएवढा पंखा घेऊन आलो.

तो उलटा लावायचा की सुलटा, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझं म्हणणं, पंख्यानं गरम हवा बाहेर ओढावी. प्लांटमध्ये धूर ओढणारे पंखे असतात, मी रोज त्यांच्या पुढून जातो, मला शिकवू नको. ती म्हणाली, “बशीतला चहा तुमी फुंकून थंड करता का ओढून?” मी आधी ओढूनच लावला, कारण मी घरचा कर्ता पुरुष. दुपारी चौकोन आले. मग फुंकून लावला. चार लांब स्क्रू दात्यांच्या फटींत पिळून पंखा बसवला, आतल्या मोकळ्या तारेला जोडला. तो गिरणीसारखा घरघरायला लागला. भर दुपारी मोहाचं झाड पडद्यावर उभं राहिलं, सरळ, एकही पायरी नाही.

कूलरला मात्र हॉलमधून हद्दपार केलं. चाकांच्या लोखंडी स्टँडवरून तो आतल्या खोलीत गेला. हॉलच्या खिडक्या बंद, सांध्यांना ओली फडकी, छताचा पंखा बंद, कारण तो राख उडवतो. त्या भट्टीत बायको पदर खोचून ढोल काढत बसली. सगळ्या हॉलमध्ये चालू पंखा होता तो एका कार्डाला.

शनिवारी दुपारी, दारात साळेसाहेब. बल्लारपूरला कुणाचं तरी लग्न होतं, जाता जाता बहिणीकडे. घाम पुसत दिवाणावर बसले, झाकण काढलेल्या मशीनकडे पाहून हसले, म्हणाले, “अजून चालतंय का हे?” मी मनात म्हटलं, आता. फोनपासून तयार करून ठेवलेलं भाषण जिभेवर आलं, ए.सी.पासून उंदराच्या लेंड्यांपर्यंत. तेवढ्यात ते उठले, आतला कूलर ढकलत स्वतःच हॉलमध्ये आणला, तोंड मशीनकडे केलं आणि बटण दाबलं. पॅडमध्ये साचलेली राख ओल्या भपक्यासरशी बाहेर आली.

बायको उठली. या भावापुढे तिनं कधी आवाज चढवलेला मी पाहिला नव्हता. भाऊबीजेला ओवाळतानासुद्धा ती त्यांच्या पायांकडे बघायची. तिनं बटण बंद केलं, पदरानं मशीनचं उघडं तोंड झाकलं.

“दादा,” ती म्हणाली, “मी टाइमपास करून राह्यली. तू आतल्या खोलीत बस.”

आवाज चढलेला नव्हताच. साळे माझ्याकडे पाहायला लागले. मी काय करणार? कूलर ढकलत आत नेला, त्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि त्यांच्यासमोर लावून दिला. भाषण राहिलं ते राहिलंच. ते बराच वेळ आत एकटे बसले होते, गार वाऱ्यात.

संध्याकाळी चाचा आले. पडद्यासमोर उभे राहिले, चष्मा पुसला, परत लावला. कार्डावरचा पंखा घरघरत होता. मोहाची फुलं झाडाखाली पडलेली होती, वेचायला कुणी यायचंच बाकी होतं.

“गणपती नाई ना कुठी?” त्यांनी विचारलं.

“नाई,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाणी प्यायली.